मागच्या सीटवरचं वजन

मंगळवारी सकाळी सुनंदा वारली. दुपारी तिला पंचगंगेवर नेलं. संध्याकाळी मी घरी आलो, दार लावलं आणि बसलो.

सुनंदा माझी बायको. तिची थोरली बहीण, अक्का, गडहिंग्लजच्या पलीकडे हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावात माहेरच्याच घरात राहतात. दिवसकार्य उरकून परत निघताना अक्का मला म्हणाल्या होत्या, "तिच्या साड्या कुणाला वाटू नका. माहेरात आणून पोचवा. घाई न्हाय." मी घाई केली नाही. होळी झाली, ऊन तापायला लागलं, तेव्हा कपाट उघडलं, साड्या काढल्या आणि तिच्याच तपकिरी शालीत गाठोडं बांधलं.

एसटीने गेलो असतो तर सोपं होतं. पण सुनंदा माहेरी जायची ती आमच्या मोटरसायकलवरून. गाडी जुनी. तिचा डबल स्टँड कधीच मोडला होता आणि तो आम्ही पुन्हा बसवला नव्हता. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो आणि तिथे चालत जायचो. गाडी बाहेर निघायची ती दोघांनी मिळून कुठे जायचं असेल तेव्हाच. ती मागे एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायची, पिशवी मांडीवर, डावा पाय पायटीवर, म्हणजे मागे बसणाऱ्याने पाय ठेवायच्या दुमडत्या दांडीवर. मी एकट्याने ती गाडी फारशी चालवलीच नव्हती.

त्यामुळे तिच्यानंतर गाडी पहिल्यांदा, पेट्रोल भरायला, बाहेर काढली तेव्हा जे झालं, ते मला लगेच जाणवलं. ज्यांनी कधी मोटरसायकल चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागे माणूस बसलं की गाडी उठायला वेळ घेते, चढाला कण्हते, मूठ थोडी जास्त पिळावी लागते. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी तशीच चालत होती. मागे कोणी नव्हतं.

मागचा ब्रेक कुठेतरी धरतोय, एवढं मला कळत होतं. चौकातल्या मेकॅनिकला दाखवलं असतं तर त्याने बघितलंही असतं. मी दाखवलं नाही. ते वजन जाऊ नये असं मला वाटत होतं. दुसऱ्या बाजूला हेही माहीत होतं की ब्रेक असाच धरून राहिला तर तो तापत जाणार आणि कुठेतरी उतारावर चाक अडकणार. निघताना मी हा प्रश्न सोडवला नाही. गाठोडं मागच्या सीटवर दोरीने बांधलं आणि किक मारली.

कागल

ऊसतोड संपत आली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तोडलेल्या फडांत पाचट पेटवलं होतं. जमीन काळी, आणि त्या काळ्या जमिनीवर दुपारच्या उन्हात न दिसणारा जाळ. नुसती हवा हलताना दिसायची. राखेचे लांबट काळे तुकडे उडत येऊन माझ्या बाहीवर बसत होते. हात लावला की त्यांची नुसती रेघ राहायची.

कागलच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाला माझ्याच वयाचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी काही सांगण्याआधीच त्याने दोन ग्लास मांडले आणि दोन्ही भरले.

"पावणं, बाईस्नी सावलीला बोलवा की. उन्हात कशाला हुभं केलासा?"

"मी एकटाच आहे."

त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं. रस्त्याकडेला गाडी साईड स्टँडवर कलती उभी होती, मागे तपकिरी गाठोडं.

"लांबनं दोघं दिसलासा."

"गाठोडं आहे ते. साड्या आहेत."

"आसंल की," तो म्हणाला. पण दुसरा ग्लास त्याने मागे घेतला नाही. मी माझा चहा प्यालो. दुसऱ्यावर साय धरेपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे पाहत होतो.

निपाणी

निपाणीत शिरलं की पाट्या कानडी होतात आणि हवेला तंबाखूचा वास येतो. सुनंदा इथे नेहमी पदर नाकाला लावायची. या वेळी त्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, जळक्या रबरासारखा. मला वाटलं, शेतातलं काहीतरी असेल. मग सिग्नलला थांबलो आणि शेजारच्या स्कूटरवाल्याने बोट दाखवलं. माझ्या मागच्या चाकातून धूर येत होता.

गाडी ढकलत एका गॅरेजपाशी नेली. ढकलत म्हणजे ओढत. चाक फिरायला तयार नव्हतं. मेस्त्री गाडीशेजारी उकिडवा बसला. त्याने पुढच्या चाकाच्या ड्रमला हात लावला, तो गार होता. मागच्याला हात लावलाच नाही. तोंडातल्या तंबाखूची पिंक टाकली, बाटलीतलं थोडं पाणी ड्रमवर शिंपडलं. चर्र आवाज झाला.

"पाय ब्रेकवर ठिवून चालवता काय?"

"नाही."

"सगळी आसंच म्हणत्यात," तो म्हणाला. "मागं वजन किती हाय?"

"साड्यांचं गाठोडं."

"त्येनं काय हुतंय." त्याने इंजिनखाली लाकडाचा ठोकळा सारून मागचं चाक जमिनीवरून उचललं, ते खोललं, ब्रेकचे लायनर बाहेर काढले. लायनर जाड होते, खराब नव्हते. त्यांना दोन्हीकडे ढकलणारा जो लहानसा लोखंडी तुकडा असतो, तो गंजून मंद फिरत होता. त्याने तो घासला, ग्रीस लावलं. मग चाक परत बसवून ब्रेकच्या रॉडचा नट चांगला ढिला केला आणि अधांतरी चाकाला हाताने झोका दिला. चाक बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

"आता पळवा," तो म्हणाला. "पाय जरा खोल जाईल. ते तुमी बघून आवळा घरी."

मी मान हलवली. कोल्हापुरात जे करायचं मी टाळलं होतं, ते इथे दुसऱ्याच्या हातून होऊन गेलं होतं.

तवंदीचा घाट

निपाणी सुटलं की तवंदीचा घाट लागतो. मोठा नाही. ट्रक आपल्या गतीने चढत असतात, एका बाजूला डोंगर, खाली मागे सुटलेलं गाव. पूर्वी इथे आमची गाडी कण्हायची आणि सुनंदा मागून म्हणायची, "उतरू काय मी? चालत येते." एकदा खरंच उतरून चालत आली होती आणि वर माझ्याआधी पोचली असं नेहमी सांगायची.

या वेळी गाडी घाट नुसती चढली. काही ओढत नव्हतं, काही धरत नव्हतं. इतकी हलकी की मला ती हाताखालून निसटेल असं वाटायला लागलं. अर्ध्यावर मला खात्री झाली की गाठोडं पडलंय. गाडी कडेला घेतली, उतरलो, मागे पाहिलं. गाठोडं जागेवर होतं. दोरी घट्ट होती. तरी मी घाटातून थोडा मागे चालत गेलो आणि रस्ता बघून आलो. काय बघत होतो ते सांगता येणार नाही. रस्त्यावर राखेचे तुकडे होते. खालच्या शेतांतून वाऱ्याने इतक्या वर आलेले.

अक्कांच्या घरी

अक्का दारातच होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं नाही, मागच्या सीटकडे पाहिलं. मग पाय धुवायला पाणी दिलं.

"आलासा पावणं."

आमच्या कोल्हापुरात कुणालाही, रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही, पावणं म्हणतात. अक्कांच्या घरात तो शब्द जावयाचा. माझ्या लग्नापासून त्या मला त्याच नावाने हाक मारतात. मी जिन्यावरून पडलो तरी "पावणं पडलं" असंच म्हणतील. वाटेत माझ्या मनात येत होतं की आता त्या मला काय म्हणतील. पहिल्याच वाक्यात ते मिटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि संकेश्वरी मिरचीचा लाल ठेचा. आमच्या घरी ठेचा हिरव्या मिरचीचा असतो, आणि सुनंदा शेवटपर्यंत त्याला ठेचा मानायला तयार नव्हती. अक्कांनी ताटात गोड काही वाढलं नाही. जेवणानंतर गाठोडं सोडलं. एकेक साडी उलगडून त्यांनी नाकाला लावली आणि पुन्हा त्याच घडीवर मिटली. एका साडीवर थांबल्या.

"ही माझी हाय," त्या म्हणाल्या. "नेसून गेली ती परत दिलीच न्हाय भवानीनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गडहिंग्लजच्या बाजारात जायचं होतं. अक्कांना मिरची हवी होती, आणि मला तिथे नुसतं बसवत नव्हतं. पण ब्रेकवर पाय फार खोल जात होता. मी गाडीच्या पिशवीतून पाना काढला आणि सवयीने म्हणालो, "अक्का, जरा मागे बसता?"

"का?"

"गाडी हलू नये म्हणून."

अक्का शेंगांची परडी घेऊन मागे एका बाजूला बसल्या आणि शेंगा फोडत राहिल्या. मी खाली बसून नट आवळला, पायाला हवा तसा ब्रेक लागेपर्यंत. काम झालं. त्या उतरल्या, मी निघालो.

गावाची वेस ओलांडायच्या आत ते परत आलं.

आधी मला वाटलं, वारा समोरून आहे. वारा नव्हता. दोन्ही बाजूंचा ऊस स्तब्ध उभा होता. गाडी उठायला वेळ घेत होती; मागे कोणीतरी नीट सावरून बसलं होतं. मेस्त्रीने सगळं साफ केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चाक बराच वेळ फिरत राहिलेलं पाहिलं होतं. कोल्हापुरात मला भीती वाटली नव्हती. इथे वाटली. गाठोडंही आता मागे नव्हतं. आरशात पाहायचं मी टाळलं, आणि गडहिंग्लजला न जाता तिथूनच वळलो.

मिरची न आणता परत का आलो, हे अक्कांना सांगावं लागलं. त्यांनी परडी खाली ठेवली.

"कवापासून हाय ह्ये?"

"ती गेल्यापासून."

"आनी तुमी आता सांगताय."

"काल गेलं होतं. निपाणीत."

"हितं आल्यावर परत बसली. माहेर हाय तिचं." अक्का उठल्या. "साड्या आल्या, ती बी आली. आता तिला नदीवर सोडायला पायजे. नारळ घेते. चला."

"अक्का, तो ब्रेक आहे."

"मग ब्रेकला नारळ फोडू. पर ह्या गाडीवर बसून तुमी परत जाणार न्हाय. हितं ठेवा न्हायतर भंगारात घाला. घाटात चाक आडकलं मंजे? माझी एक गेली. दुसऱ्यासाठी रडायला मला सवड न्हाय."

त्या नारळ घेऊन मागे बसल्या. अक्का अंगाने भरलेल्या आहेत. मी मूठ जास्त पिळली आणि गाडी एकदम पुढे उडाली. अक्कांनी माझा सदरा धरला.

गाडी हलकी होती. मागे सुनंदापेक्षा जड माणूस बसलेलं, आणि घाटात चालली होती तशी हलकी.

मी ते त्यांना ओरडून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मी बसल्यावर ती कुठं बसंल? उतरली आसंल."

हिरण्यकेशीच्या काठी

नदीला पाणी कमी होतं. एक म्हातारा म्हशी धूत होता. अक्कांनी नारळ गाडीवरून ओवाळून उतरवला, तोंडातल्या तोंडात बहिणीशी काही बोलल्या, त्यातलं काही कानडी होतं, आणि दगडावर तो फोडला. मग मला म्हणाल्या, "आता एकटं जाऊन बघा. त्या झाडापातूर."

मी एकटा बसलो आणि निघालो. चाकाचे दोन फेरेही झाले नसतील. मागे कोणीतरी बसलं.

झाडापर्यंत गेलो नाही. परत आलो तेव्हा अक्कांनी माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं. हातातली नारळाची भकलं त्यांनी पदरात घेतली. ऊन लख्ख होतं, म्हशी पाण्यात होत्या, आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या सीटकडे पाहत उभे होतो.

मी गाडी बंद केली आणि हाताने पुढे ढकलली. ती हलेना.

"अक्का, बसा."

"मी न्हाय बसत."

"बसा हो."

त्या बसल्या. मी ढकललं. गाडी सरळ पुढे गेली.

"उतरा."

उतरल्या. ढकललं. हलेना.

"बसा."

म्हातारा पाण्यातूनच ओरडला, "अक्का, ह्या वयात गाडी शिकाय लागलीस व्हय?"

"तू म्हशी धू," अक्का म्हणाल्या.

पुढच्या खेपेला मी ढकललं नाही. मागच्या चाकाशी बसलो आणि अक्कांना चढ-उतार करायला सांगितलं. तेव्हा दिसलं. पायाच्या ब्रेकपासून मागच्या चाकापर्यंत एक सळई जाते. तिच्या टोकाला तो नट. अक्का बसल्या की मागच्या स्प्रिंगा दबायच्या, चाक वर सरकायचं आणि सळई ढिली पडायची. अक्का उतरल्या की गाडी वर उठायची, सळई ताणली जायची आणि ब्रेक आपोआप लागायचा. सीटवर माणूस असलं की गाडी मोकळी. सीट रिकामी झाली की ब्रेक लागलेला.

मी तिथेच जमिनीवर बसलो.

डबल स्टँड मोडल्यापासून ब्रेक आवळायचा असला की मी सुनंदाला मागे बसवायचो. गाडी हलू नये म्हणून. ती शेंगा नाहीतर पावटे सोलायला घेऊन बसायची, आणि मला वेळ लागला की म्हणायची, "झालं का, का म्हातारी हुस्तवर बसू हितंच?" नट मी आवळायचो तो तिच्या वजनावर. शेवटचा आवळला तो दिवाळीच्या आधी, माहेरी जायला निघताना. निपाणीच्या मेस्त्रीने चाक अधांतरी धरून, कोणी नसताना, तो सोडला होता. आणि आज सकाळी अक्कांना बसवून मी तो परत आवळला होता.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं. त्यांनी सळईकडे पाहिलं, मग स्वतःच एकदा बसून, उतरून पाहिलं.

"मंजे कुणी न्हवतं."

"नव्हतं."

"माझा नारळ फुकट गेला," त्या म्हणाल्या. मग पदरातलं एक भकल मला दिलं, एक स्वतः घेतलं. आम्ही काठावर बसून खोबरं खाल्लं. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "ती न्हवती, म्हणून गाडी आडत हुती." त्या रडत होत्या. मीही.

"सोडा आता त्यो नट," अक्का म्हणाल्या.

मी पाना लावला. हात पुढे जाईना. तो नट जिथे होता, ती सुनंदाची जागा होती. ती किती खाली बसते, याचं माप त्या गाडीत तेवढंच उरलं होतं. फोटोतही ते नव्हतं. एकदा फिरवला की मला ते परत शोधता आलं नसतं. अक्का तिच्यापेक्षा जड आहेत.

आणि मग आठवलं की ते आज सकाळीच गेलं होतं. खरं तर कालच, निपाणीत. मी जे सांभाळत होतो ते अक्कांचं वजन होतं.

"एस्टीचा स्टँड गडहिंग्लजला हाय," अक्का म्हणाल्या. "काय ते ठरवा."

मी नट सोडला. मागे कोणी नसताना, गाडी हाताने पुढे-मागे ढकलत, चाक कुठे घासायचं थांबतं ते बघत. काम लहान होतं. मी ते सावकाश केलं.

परत

निघताना अक्कांनी तपकिरी शाल परत दिली. तिच्यात मिरची आणि शेंगा बांधल्या आणि गाठोडं स्वतःच्या हाताने मागच्या सीटवर ठेवलं, साड्यांचं होतं तिथेच. दुखवट्याच्या घरातून निघताना आमच्याकडे येतो म्हणत नाहीत. सुनंदा या दारातून निघताना कानडीत म्हणायची, "होगी बर्तीनी," जाऊन येते. अक्का वाट पाहत उभ्या राहिल्या. शेवटी मीच ते म्हटलं, चुकीच्या उच्चारात.

"या पावणं," त्या म्हणाल्या.

घाट उतरताना ब्रेक नीट लागत होता आणि पाय काढला की सुटत होता. कागलच्या त्या टपरीपाशी मी मुद्दाम थांबलो. पाचट जळून गेलं होतं, शेतं काळी आणि शांत होती. टपरीवाल्याने मला लांबून येताना पाहिलं असणार. रस्ता तिथे सरळ आहे. मागे तीच शाल, तेवढंच गाठोडं. त्याने ओळख दाखवली नाही. एक ग्लास मांडला आणि भरला.

मी त्याला काही विचारलं नाही. चहा प्यालो आणि घरी आलो.

साड्या अक्कांकडे आहेत. ब्रेक एकट्या माणसासाठी लावलेला आहे. गाडी हाताने ढकलली की पुढे जाते. डाव्या बाजूची मागची पायटी उघडी आहे. ती मी दुमडलेली नाही.